दुसऱ्या स्टाइलवाल्यांबरोबर स्पारिंग करताना

मी शोतोकान कराटेवाली. लहानपणापासून तेच केलंय, ब्लॅक बेल्टही त्यातलाच, त्यामुळे स्पारिंग, म्हणजे जोडीदाराबरोबरची सरावाची लढत, म्हटलं की समोरचा माणूस कसा असणार ते डोक्यात पक्कं बसलेलं, एक खांदा पुढे, लांबवर हलकं हलकं उसळत उभा, मग एकदम झेप, एक पंच, आणि लगेच मागे. पण गेल्या काही काळात मी ठरवून बाकीच्या प्रकारांतल्या लोकांबरोबर स्पारिंग करायला लागले, बॉक्सिंग, तायक्वांदो, मुए थाई (थायलंडचं बॉक्सिंग, यात पाय-गुडघेही चालतात), क्योकुशिन (पूर्ण जोराचं कराटे), ज्यूडो, कुस्ती, ब्राझिलियन जिउ-जित्सू (जमिनीवरची पकडापकडी), जो तयार होईल त्याच्याबरोबर. मला सारखं विचारतात की कसं असतं, लागतं का, आणि कराटे तिथे "चालतं" का. म्हणून एकदा सगळं नीट लिहून काढते, लांबेल थोडं.

आधी एक सांगते, कुठली स्टाइल भारी या वादात मला आता अजिबात रस नाहीये. मला जे दिसलं ते असं की माणूस रोज ज्या नियमांखाली स्पारिंग करतो ते नियम त्याच्या अंगात मुरतात. तो उभा कसा राहतो, हात कुठे ठेवतो, किती अंतर राखतो, आणि मुख्य म्हणजे कुठून काही येईल असं त्याला वाटतच नाही, हे सगळं त्या नियमांनी ठरवलेलं असतं. माझंही तसंच. आमच्या पॉइंट कुमितेत, म्हणजे गुणांवरच्या सामन्यात, वर्ल्ड कराटे फेडरेशनच्या नियमांप्रमाणे पंचाला १, पोटा-पाठीवरच्या किकला २, आणि डोक्यावरच्या किकला किंवा खाली पाडून मारलेल्या फटक्याला ३ पॉइंट, आणि स्वच्छ फटका बसला की रेफरी "यामे", म्हणजे "थांबा", म्हणून थांबवतो. वर्षानुवर्षं हे केलं की काय होतं, तर फटका बसल्यावर आपलं अंग आपोआप थांबतं, कुणी यामे म्हणायची गरजच उरत नाही.

हे असं असल्यामुळे दुसऱ्या स्टाइलवाल्याबरोबर उतरायच्या आधी सगळ्यात जास्त वेळ जातो तो बोलण्यात, आणि तो घालवावाच. काय चालेल, काय नाही, किती जोर, कोण थांबवणार. आम्ही जोर दहापैकी किती ते बोलतो, म्हणजे डोक्याला तीन, अंगाला पाच, मांडीवरची किक चार असं काहीतरी. चार म्हणजे नक्की किती हे तोंडाने कळत नाही, म्हणून प्रत्येकाने समोरच्याला एकेक फटका आधी मारून दाखवायचा, "हा बघ माझा चार", आणि समोरचा म्हणणार "अगं हा सहा आहे, कमी कर". हे दोन मिनिटांचं काम आहे पण त्याने अर्धी भांडणं टळतात. कोपर, गुडघ्याच्या सांध्यावर सरळ किक, मानेवर ताण येईल असं ओढणं, टाच धरून पाय पिळणं हे बंद. टाच पिळण्यात दुखायला लागायच्या आत गुडघ्याचं लिगामेंट जाऊ शकतं, त्यामुळे ओळखीच्या माणसाबरोबरही मी ते चालवून घेत नाही. ग्लोव्हज १६ औंसाचे, माउथगार्ड, शिनगार्ड, आणि पकडापकडी असेल तर बोटं मोकळी राहणारे लहान ग्लोव्हज, मग अर्थातच डोक्यावरचा जोर अजून कमी. हेडगार्ड मी घालते, पण त्याच्या भरवशावर जोर वाढवायचा नाही, कारण त्याने भुवई फुटणं, खरचटणं वाचतं, आत मेंदू हलायचा तो हलतोच. हौशी बॉक्सिंगमध्ये तर २०१३ पासून मोठ्या पुरुषांच्या स्पर्धांतून हेडगार्ड काढूनच टाकलंय, २०१६ च्या रिओ ऑलिंपिकला पुरुष बॉक्सर त्याशिवायच खेळले.

आणि राउंड वाटून घ्यायचे. पहिला त्याच्या नियमांनी, दुसरा माझ्या नियमांनी, तिसरा मिसळून. हा प्रकार मला सगळ्यात उपयोगी वाटला. नुसतं मिसळून खेळलं तर दोघंही आपापल्या सोयीच्या अंतरावर जाऊन बसतात आणि कुणी काही शिकत नाही.

बॉक्सरपासून सुरुवात केली कारण वाटलं की हात तर आपल्यालाही येतात. पहिला राउंड बॉक्सिंगच्या नियमांनी, तीन मिनिटं. मी नेहमीसारखी लांब, एक बाजू पुढे करून, उसळत. तो उसळतच नव्हता. अर्धं पाऊल पुढे, परत अर्धं, घाई नाही काही नाही, आणि डावा हात अधूनमधून माझ्या पुढच्या ग्लोव्हला नुसता टेकवत होता. मारतही नव्हता, फक्त टक टक. पंच येतोय असं वाटून माझा हात थोडा उचलला जायचा, तो हात मागे घ्यायचा, मी खाली करायचे, परत टक. असं होता होता एकदा तो टक करणारा हात माझ्या ग्लोव्हवर न थांबता डोळ्यांसमोर आला आणि तिथेच राहिला, म्हणजे लागला नाही, पण मला त्याच्या मागचं काही दिसेना, आणि त्याच क्षणी उजवा हात कपाळावर. मी सरळ मागे गेले. आमच्यात सरळ मागे गेलं की विषय संपतो, अंतर तुटतं, रेफरी थांबवतो. इथे तो माझ्याबरोबर पुढे आला आणि त्याच लयीत अजून दोन बसले, एक बरगडीखाली, एक परत डोक्याला. सगळं हलकं, ठरल्याप्रमाणे तीनच्या जोराचं, पण एकही चुकला नाही. राउंड संपल्यावर तो म्हणाला, "अगं, पहिल्या पंचानंतर तू सुट्टीवर जातेस. माझा तर तिथून सुरू होतो."

ते वाक्य मी नंतर कित्येक दिवस डोक्यात घेऊन फिरत होते. मग त्याच्याकडूनच शिकले की मागे जायचंच असेल तर सरळ जायचं नाही, बाजूला निघायचं, त्याच्या पुढच्या पायाच्या बाहेरून, म्हणजे त्याचा मागचा हात लांब पडतो. हनुवटी आत, मारून आलेला हात थेट गालापाशी, कमरेपाशी नाही. आमच्याकडे हिकिते म्हणून एक हात कमरेशी खेचायची सवय असते, काता, म्हणजे एकट्याने करायच्या ठरलेल्या हालचाली, करताना ती योग्यच आहे आणि हातात समोरच्याची बाही धरली असेल तर तिचा अर्थही लागतो, पण बॉक्सरसमोर तो हात गालापाशीच हवा.

मग दुसरा राउंड माझ्या नियमांनी, आणि इथे मजा आली. बॉक्सरच्या हिशेबात माझा हात त्याच्यापर्यंत पोचायला मला निदान एक पाऊल आत यावं लागतं आणि ते पाऊल त्याला दिसतं. पण आमची ग्याकु झुकी, म्हणजे मागच्या हाताचा सरळ पंच, मागच्या पायाच्या ढकलीने बरंच लांबचं अंतर एकाच दमात कापते, तो जिथे स्वतःला सुरक्षित समजत होता तिथेच पोटात लागली, परत लागली, आणि तो थांबून विचारायला लागला की "हे कुठून आलं?" किकचंही तसंच. खाली वाकून पंच चुकवायची त्याची सवय आहे, आणि वाकला की डोकं नेमकं माझ्या मवाशी गेरीच्या, म्हणजे बाजूने गोल फिरून येणाऱ्या किकच्या, वाटेत. म्हणूनच पहिल्या दिवशी डोक्यावर किक बंद ठेवली होती, नाहीतर त्या वाकण्यावर जोरात बसली असती. हे कुणी बॉक्सरबरोबर करणार असाल तर खरंच लक्षात ठेवा.

तायक्वांदोवाल्या मुलीबरोबर वेगळंच. तिच्या ऑलिंपिक नियमांत चेहऱ्यावर पंच मारताच येत नाही, कमरेखाली किक नाही, आणि गुण सगळे पायांना, अंगावर किक २, डोक्यावर ३, गिरकी घेऊन मारली तर त्याहून जास्त, पंचाला फक्त १. मग हात खाली असणार नाहीतर काय. पुढचा पाय हवेत ठेवून ती एका पायावर सरकत येते आणि तोच पाय पोटावर, तोंडावर, परत पोटावर, जमिनीला न टेकता. तिच्या नियमांच्या राउंडमध्ये मला जवळच जाता आलं नाही. मिसळून खेळलो तेव्हा तिची किक खाली उतरताना आत शिरलं की तिच्याकडे पुढे काही नव्हतं, पण आत शिरायची वेळ पकडायला मला फार वेळ लागला, आणि पाय एवढे स्वतंत्रपणे वापरणारं दुसरं कुणी मी पाहिलेलं नाही.

मुए थाईवालीने मात्र माझ्या पुढच्या पायाचं काही ठेवलं नाही. आम्ही बाजू पुढे करून उभे राहतो, गुडघा थोडा आत वळलेला असतो, आणि तो पाय ही तिला आयती मिळालेली जागा. माझी झेप सुरू व्हायच्या आधी ती टीप मारायची, म्हणजे पायाच्या चवड्याने पोटावर ढकलणारी किक, झेप तिथेच मरायची, आणि मी पाय परत मांडेपर्यंत मांडीच्या बाहेरच्या बाजूला तिची नडगी. जोर चारचाच ठरलेला, तरी तिसऱ्या-चौथ्या फटक्याला पाय जड, पाचव्याला पायावर भार टाकावासा वाटेना. ती म्हणाली, "गुडघा बाहेर कर आणि उचल, नडगीवर घे." नडगीवर घेतलं की लागतं दोघींना, म्हणून समोरची दुसऱ्यांदा विचार करून मारते. पण ते करायला आधी जरा समोर तोंड करून उभं राहायला लागतं, आणि समोर तोंड केलं की माझी झेप थोडी छोटी होते. म्हणजे फुकट काही मिळत नाही. मी आता अंतराप्रमाणे बदलते, लांब असताना बाजू पुढे, तिच्या किकच्या टप्प्यात आले की पाय वळवून घेते.

तिच्याबरोबरची दुसरी गोष्ट क्लिंच. अंगाला अंग भिडलं की माझे हात सैल पडायचे, कारण आमच्याकडे काही क्षणांत रेफरी वेगळं करतो. तिने दोन्ही हातांनी माझी मान मागून धरली, कोपरं माझ्या छातीवर टेकवली, आणि डोकं खाली ओढून गुडघा बरगडीला लावला, हळूच, नुसता टेकवून दाखवला. मी ताठ व्हायचा प्रयत्न करतेय आणि ती एकेक पाऊल मागे टाकत मला ओढून तोल घालवतेय. जिथे आमचा सामना थांबतो तिथे तिचा मुख्य भाग सुरू होतो. एका हाताने तिच्या हातांच्या आतून वर घुसायचं, कंबर जवळ आणायची, लांब न्यायची नाही, हे ती मला अजून शिकवते आहे.

क्योकुशिनवाला हा आमच्याच घराण्यातला म्हणायचा, क्योकुशिन सुरू करणाऱ्या मासुतात्सु ओयामा यांनी स्वतः आधी शोतोकान केलेलं. पण त्यांच्या सामन्यात अंगावर पूर्ण जोर आणि हाताने चेहऱ्यावर मारायला बंदी, त्यामुळे हा माणूस छातीला छाती लावूनच उभा राहतो आणि पोटावर, मांडीवर मारतच राहतो. त्याचे पंच अंगावर घेताना कळलं की मी आजवर फटके चुकवायला शिकले होते, सोसायला नाही. श्वास सोडून पोट आवळायचं, मार बसतानाही डोळे उघडे ठेवायचे, हे त्याच्याकडून आलं. आणि मिसळलेल्या राउंडमध्ये मी जेव्हा हलकेच चेहऱ्याला हात लावायला लागले तेव्हा त्याला त्या जवळच्या अंतरावर उभं राहता येईना. तो वैतागला नाही, उलट म्हणाला "लावत राहा, मला हेच हवंय". अशी माणसं मिळणं हे खरं भाग्य.

असे काही महिने गेल्यावर मी अली-इनोकीचा सामना परत बघितला. २६ जून १९७६, टोकियोचं निप्पॉन बुडोकान, बॉक्सर मोहम्मद अली विरुद्ध जपानी व्यावसायिक कुस्तीगीर अंतोनिओ इनोकी, १५ राउंड आणि निकाल बरोबरी. पूर्वी अर्ध्यात बंद केला होता, कारण इनोकी बहुतेक वेळ पाठीवर पडून अलीच्या पायांवर किका मारतोय आणि अली भोवती फिरतोय, बघायला काहीच नाही असं वाटलेलं. यावेळी पूर्ण बघितला आणि खूप काही दिसलं. इनोकीला माहितीये की उभं राहिलं तर अलीच्या जॅबच्या, म्हणजे पुढच्या हाताच्या सरळ पंचाच्या, टप्प्यात आपण येणार, म्हणून तो त्या उंचीवरच यायला तयार नाही. अलीला माहितीये की खाली वाकलं तर पकडलं जाणार, म्हणून तो खाली जात नाही. मधल्या त्या पट्ट्यात फक्त अलीचे पाय आहेत, आणि त्यांची पार वाट लागली. दोघांनीही दुसऱ्याच्या अंतरात पाय ठेवला नाही. आमचे पहिले राउंड असेच असायचे, म्हणून मी वर म्हटलं की नियम वाटून घ्या.

आता पकडापकडीवाले. यांच्यावर मी जरा जास्त लिहिणार आहे कारण फटकेबाज स्टाइलवाल्यांना सगळ्यात मोठा धक्का इथेच बसतो आणि शिकायलाही सगळ्यात जास्त इथेच आहे.

ज्यूडोच्या कोचनी मला पहिले कितीतरी दिवस कुणाशी खेळूच दिलं नाही, नुसतं पडायला लावलं. मागे पड, बाजूला पड, पुढे लोळ, हात जमिनीवर आपट, हनुवटी छातीला. "पडता येत नाही त्याला मी माझ्या मुलांच्या हाती देत नाही" असं स्वच्छ सांगितलं, आणि बरोबरच होतं ते. तिथे वावरताना घरच्यासारखं वाटलं, वाकून नमस्कार, गणवेश, डॅन (ब्लॅक बेल्टच्या पायऱ्या), बेल्ट सगळं ओळखीचं, आणि ते ओळखीचं असायला कारण आहे. ज्यूडोचे संस्थापक जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये कोडोकान ही ज्यूडोची शाळा सुरू केली, आणि १९२२ मध्ये शोतोकानचे संस्थापक गिचिन फुनाकोशी ओकिनावाहून टोकियोला आले तेव्हा कानोंनीच त्यांना कोडोकानमध्ये प्रात्यक्षिकाला बोलावलं. कराट्याने डॅन आणि बेल्टची पद्धत ज्यूडोकडूनच उचलली. एवढं सगळं सारखं असूनही तिथल्या एका मुलीने माझी बाही आणि कॉलर धरली आणि मला काहीच सुचेना. बाही धरली की तो हात गेला, कॉलर धरली की अंतर गेलं. मी पंच मारायला वजन पुढे टाकलं की त्याच वजनावर ती मला उचलायची. एक गोष्ट मात्र माझी चालली, पाय झाडणं. आशी बाराई आमच्याकडेही आहे, पण आम्ही ती लांबून, काही न धरता, समोरच्याचा पाय जमिनीला टेकता टेकता मारतो. तिला हातात पकड असल्याशिवाय पाय येईल असं वाटलं नव्हतं, दोनदा चांगली बसली.

मग कुस्तीवाला. याच्यासमोर उभं राहिल्यावर मी त्याच्या खांद्यांकडे बघत होते, कारण पंच, किक सगळं तिथून आधी दिसतं. त्याने डावा हात माझ्या तोंडासमोर नुसता हलवला. माझे दोन्ही हात वर गेले, आणि तेवढ्यात तो दिसेनासाच झाला. खांदे जिथे होते तिथे नव्हतेच. कंबर खाली टाकून तो माझ्या पुढच्या पायाच्या बाहेर आला होता, डोकं माझ्या बरगडीला चिकटलेलं, दोन्ही हात माझ्या गुडघ्यामागे, आणि मला कळेपर्यंत पट, म्हणजे पाय धरून पाडायचा डाव, निघालेला, मी पाठीवर. मला लागू नये म्हणून त्याने शेवटी मला धरून हळू ठेवलं. परत उभे राहिलो, परत तेच. मला माहितीये काय येणार आहे तरी थांबवता येत नाही, कारण हात वर जाणं ही माझी इतक्या वर्षांची प्रतिक्रिया, आणि त्याला तीच हवी असते.

यावर जे मिळालं ते असं. खांद्यांकडे न बघता बेंबीच्या जरा वर बघायचं, पट काढायला कंबर खाली गेल्याशिवाय चालत नाही आणि ती खोटी हलवता येत नाही. तो आत आला की दोन्ही पाय मागे फेकायचे, कंबर खाली आपटायची आणि छातीचा भार त्याच्या पाठीवर, यालाच स्प्रॉल म्हणतात. आणि पाय एका जागी रुतवून उभं राहायचं नाही. आम्ही रुंद, खोल पवित्र्यात उभं राहायला शिकतो, पुढचा पाय लांब आणि भारलेला, तो कुस्तीवाल्यासाठी नुसता उचलायचा बाकी असतो. गंमत म्हणजे ती ज्यूडोवालीही त्याच्या एकेरी पटाला तशीच सापडली. ज्यूडोच्या स्पर्धेत हाताने पाय धरण्यावर २०१० मध्ये निर्बंध आले आणि २०१३ पासून ते पूर्णच बंद, त्यामुळे त्या नंतरच्या पिढीची पाठ ताठ असते, पायांवर कुणी येईल हे डोक्यातच नसतं. परत तेच, नियम अंगात.

जिउ-जित्सूत तर आम्ही बसूनच सुरुवात केली. माझ्यापेक्षा बारीक मुलगी, वजनाने बरीच कमी, आणि ती वर आली की ओल्या वाळूचं पोतं अंगावर टाकल्यासारखं वाटायचं. मी तिला हात लांब करून ढकलत होते, जे कुणीही करेल, आणि प्रत्येक वेळी तोच लांब झालेला हात तिच्या दोन्ही मांड्यांमध्ये, कोपर उलट्या बाजूला ताणलेलं, आणि मी टॅप, म्हणजे हाताने थोपटून हार. "कोपरं अंगाला चिकटव, कुशीवर हो, पाठीवर सपाट पडू नको" हे ती इतक्या वेळा म्हणाली की आता झोपतानाही आठवतं. टॅपबद्दल एकच सांगते, लवकर करा. मानेचा चोक, म्हणजे गळा आवळणारी पकड, नीट बसला तर दोन्ही बाजूच्या रक्तवाहिन्या दबतात आणि दहा-बारा सेकंदांत माणूस बेशुद्ध होऊ शकतो, श्वास चालू असतो म्हणून "अजून ठीक आहे" असं वाटत राहतं आणि तेच धोक्याचं.

माझं मत असं की आमच्यासारख्या फटकेबाजांनी जिउ-जित्सूकडून पहिली गोष्ट मागावी ती उठून उभं राहणं. लॉक (सांधा उलटा ताणणारी पकड), चोक सगळं नंतर. एक हात मागे टेकवून, एक पाय समोरच्याला लांब ठेवायला, कंबर उचलून दुसरा पाय खालून मागे ओढायचा आणि उभं राहायचं, तोंडासमोर हात ठेवून. मी कितीतरी सेशन फक्त एवढंच केलं, ती मला खाली ठेवायचा प्रयत्न करणार, मी उठायचा. १९९३ मध्ये डेन्व्हरला झालेल्या पहिल्या यूएफसीत, म्हणजे सगळ्या स्टाइलवाले एकमेकांशी लढतात त्या स्पर्धेत, आर्ट जिमरसन नावाचा बॉक्सर एका हातात ग्लोव्ह आणि दुसरा हात मोकळा असा उतरला होता, जिउ-जित्सूवाल्या रॉयस ग्रेसीने त्याला खाली नेलं, वर बसला, आणि कुठलाही लॉक लागायच्या आत जिमरसनने टॅप केलं. लोक अजून हसतात त्याला. मला आता अजिबात हसू येत नाही, खाली पाठीवर असताना काय करायचं हे ज्याला कुणी कधी दाखवलंच नाही त्याच्याकडे दुसरा पर्याय नसतो.

उलट्या बाजूनेही सांगायला हवं, कारण कराटेवाले हे वाचून उगाच खट्टू होतील. लांबून आत येण्याची वेळ साधणं, समोरचा निघतोय तेवढ्यात त्याच्या आधी पोचणं, हे आमच्याकडे जेवढं घोटलं जातं तेवढं मला दुसरीकडे क्वचितच दिसलं. लिओटो माचिदा शोतोकानच्या घरातला, २००९ मध्ये यूएफसीचा लाइट हेवीवेट चॅम्पियन झाला तो त्याच लांब अंतराच्या आणि वेळेच्या जोरावर, पण त्याला कुस्ती आणि जिउ-जित्सूही येत होतं म्हणून ते अंतर त्याला टिकवता आलं. कुस्तीवाल्याने आत यायच्या आधी माझी योको गेरी, म्हणजे बाजूने मारलेली सरळ किक, पोटात बसली की त्याचा पट थांबतो, हे त्यानेच सांगितलं. अंतर माझं असेल तर माझं बरंच चालतं. ते कुणी मोडलं की पुढे काय हे मला येत नव्हतं, तेच शिकायला मी सगळीकडे फिरतेय.

कुणाबरोबर खेळू नये हेही लिहिते. एका ठिकाणी गेले होते तिथे एकाने ठरलेलं सगळं विसरून पहिल्याच मिनिटाला डोक्यावर पूर्ण जोराने मारायला सुरुवात केली, मी थांबवून सांगितलं, त्याने हो म्हटलं आणि परत तेच, आणि तिथला कोच बाजूला उभा राहून बघत होता, काही बोलला नाही. मी ग्लोव्हज काढले आणि निघाले. अशा वेळी लाज वाटून उभं राहू नका. आपल्याला उद्याही खेळायचं असतं. डोक्याला जोरात लागलं आणि नंतर डोकं दुखतंय, मळमळतंय, प्रकाश नकोसा वाटतोय असं झालं तर त्या दिवशी संपलं, डॉक्टरला दाखवायचं आणि ते हो म्हणेपर्यंत स्पारिंग नाही. वजनाचा फरकही कुणी सांगत नाही म्हणून दुर्लक्ष होतं, माझ्यापेक्षा बराच जड माणूस असेल तर जोर त्याने ठरवायचा नाही, मी ठरवणार, हे मी आधीच बोलून घेते. चांगला खेळाडू याला कधी नाही म्हणत नाही.

आता रविवारी आम्ही चार-पाच जण जमतो, बॉक्सर, मुए थाईवाली, कुस्तीवाला आणि मी तर असतोच. दर वेळी एकाची अडचणीची जागा घेतो आणि राउंड तिथूनच सुरू करतो. मागच्या वेळी बॉक्सरची पाळी होती, त्याचा एक पाय कुस्तीवाल्याच्या हातात देऊन राउंड सुरू, तेव्हा त्याच्या जॅबला काय किंमत उरते ते त्याने स्वतः बघितलं. या वेळी माझी आहे. पाठ भिंतीला टेकवून, मुए थाईवालीचे दोन्ही हात आधीच माझ्या मानेत, आणि तीन मिनिटांत मला तिथून बाहेर पडून माझ्या अंतरावर पोचायचंय. त्यासाठी आठवडाभर हात आतून घुसवायची ड्रिल चालू आहे.